अकरा नंबरची सायकल

दुरुस्तीला टाकलेली सायकल म्हणजे ठेव, ती जिवापाड जपणं हा दुकानदाराचा धर्म. लातूरच्या ट्यूशनवाल्या गल्लीत सिद्धरामअप्पा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं : 'सायकल हरवल्यास दुकान जबाबदार नाही.'

भूकंपानंतरची ती पहिली दिवाळीची सुट्टी. सिंधु आपल्या वर्गातल्या आसिफला आणि मंजुश्रीला घेऊन अप्पांसमोर उभी होती. तिचे बाबा लातुरात सायकलवरून दूध घालायचे. सायकल अप्पांकडे टाकून ते गणपती बुडवायला एस.टी.नं गावी गेले, आणि त्याच रात्री गाव गेलं. सिंधु इथं मामाकडे शिकायला होती, म्हणून उरली. बाबांचा फोटोसुद्धा ढिगाऱ्यात गेला होता. त्यांची म्हणावी अशी वस्तू आता ती सायकलच.

"पावती?" अप्पांनी विचारलं.

"बाबांच्या खिशात होती."

"मग न्हाई जमत. बिनपावतीचं मी देवाला पण देत न्हाई."

निघताना मंजुश्री थबकली. ट्यूशनचा एक पोरगा अकरा नंबरची भाड्याची सायकल अप्पांच्या रांगेत परत लावत होता.

"हिच्या मागच्या दांड्यांचा रंग बघ, दोन्हीकडं पार घासलाय."

"दुधाचे कॅन घासले की असंच होतं," आसिफ म्हणाला.

"भाड्याच्या सायकलीला कॅन? अन् अडकवतील कुठं, डोक्याला? कॅरियरच नसतो."

पोरांनी डबलसीट बसू नये म्हणून अप्पा भाड्याच्या सायकलींचे कॅरियर काढून घेत. कोपऱ्यात त्यांचा ढीगच पडला होता.

सिंधुनं घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "हीच हाय."

"तू म्हणून कोण ऐकतंय? अप्पांनीच म्हणलं पायजे," मंजुश्री कॅरियरच्या ढिगाकडं बघत म्हणाली.

थोड्या वेळानं आसिफ समोर शिलाईचं दुकान असलेल्या अब्बांना, मकबूलचाचांना, घेऊन आला.

"अप्पा, गव्हाचं पोतं गिरणीत न्यायचंय. अकरा नंबरला कॅरियर लावून द्या की," चाचा म्हणाले.

"भाडं दुप्पट पडंल."

"पडू द्या," मकबूलचाचा म्हणाले.

अप्पांनी ढिगात हात घातला, वरचे कॅरियर बाजूला सारून तळातला एक ओढला आणि पान्यानं आवळला. पहिल्याच झटक्यात बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना कॅनसाठी आकडे होते. ते बरोबर घासलेल्या रंगावर लोंबत होते.

"वरचे सोडून तळातलाच का ओढला?" चाचांनी विचारलं.

"हिला हाच बसतो."

"हाव. अन् तुमच्या भाड्याच्या सायकलीला दूधवाल्याचे आकडे कशाला?"

अप्पांनी पाना ढिगावर टाकला. "मालक गेला की," ते म्हणाले. "गंजण्यापेक्षा फिरली, काय बिघडलं?"

"पोरगी हाय ना त्याची. तिलाच पावती मागून राहिलात तुम्ही."

सिंधुनं तोवर हँडल धरलं होतं. ते सोडवायला अप्पा पुढं झाले नाहीत.

संध्याकाळी गल्लीनं तिघांना भजी खाऊ घातली. मामांनी पाठ थोपटली. पोरं लई हुशार निघाली, असं खुद्द अप्पाही म्हणाले.

भूकंपाच्या गावांतून दुरुस्तीला आलेल्या आणखीही सायकली अप्पांच्या भाड्याच्या रांगेत होत्या. त्या मागायला कुणी आलं नाही.