पुलाचा सुखांक

गाडीत काहीही बिघाड नाही, असं यंत्राने सातव्यांदा सांगितलं आणि भालचंद्र उपाध्ये सातव्यांदा म्हणाले, परत तपासा.

सातमाळ शहरातल्या 'मुजावर कंप-निदान केंद्रा'त पांढऱ्या फरश्या होत्या, पांढरे कोट होते आणि गाडीला चारही चाकांनी धरून गदागदा हलवणारं स्पंदनपीठ होतं. दहा वर्षांपूर्वी याच जागेत, काळ्या फरशीवर, अन्वर मुजावर शॉकअप बदलत आणि लोक त्यांना मिस्त्री म्हणत. आता त्यांच्या कोटाच्या खिशावर 'कंप-निदानतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं. नखांतलं ग्रीस मात्र पदवी मानायला तयार नव्हतं.

"पीठ म्हणतंय, गाडी ठणठणीत आहे," मुजावर म्हणाले.

"मग आवाज कोण करतंय?"

"कुठला आवाज, ते परत एकदा सांगा."

"टक्क. डाव्या पायाखाली. जरा थांबून परत टक्क. फक्त तांबडी नदीच्या नव्या पुलावर आणि फक्त सकाळी पावणेनऊच्या गर्दीत."

"म्हणजे तोही नोकरीला जातोय."

उपाध्ये हसले नाहीत. विमा कंपनीत ते जोखीम-मापक होते. काळजी करण्याचा त्यांना पगार मिळे आणि रविवारी ते ती हौसेने करत. दोन महिन्यांत गाडीच्या लिंक रॉड बदलून झाल्या होत्या, बुश झाले होते, खालचा आर्म झाला होता. शॉकअपचं माउंटिंग दोनदा झालं होतं. मुजावर स्वतः डिकीत आडवे पडून, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्याला आणि मूठ कानाला लावून अर्धं शहर हिंडून आले होते.

"एक सांगू का, उपाध्येसाहेब? झुला लावून टाका."

झुल्याचं अधिकृत नाव 'प्रतिकंप निलंबन'. पण निलंबन म्हटलं की सरकारी माणसाचा चहा कडू होतो, म्हणून लोकांनीच त्याला झुला केलं. चाक खड्ड्यात गेलं, दगडावर चढलं, तरी झुल्याचा मेंदू चाकालाच वरखाली नाचवतो आणि बसणाऱ्याची बैठक जागच्या जागी ठेवतो. बाहेरून आणून जुन्या गाडीलाही तो बसवता येई. सातमाळमध्ये झुला नसलेल्या गाड्या आता दुर्मीळ होत्या. उपाध्यांची त्यातली एक.

घरात यावरून रोज बोलणं होई. त्यांच्या पत्नी उज्ज्वला नदीपलीकडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि त्यांच्या कमरेतली चकती सरकलेली होती. "तुमच्या गाडीत बसलं की मला माझे मणके क्रमाने मोजता येतात," असं म्हणून त्यांनी वर्षापूर्वीच नवऱ्याची गाडी सोडली आणि झुलेवाली कॉलेजबस धरली. झुला लावला, तर बायको परत शेजारच्या सीटवर येणार होती. उपाध्यांना हे कळत होतं.

"झुल्याने आवाज जाईल?"

"जाईल."

"आणि बिघाड?"

मुजावरांनी नखातलं ग्रीस उकरलं. "आवाज जाईल, एवढं लिहून देतो."

हेच उपाध्यांना खुपलं. कानात बोळे घातले म्हणून छत गळायचं थांबत नाही.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर पुलावर चला," ते म्हणाले. "मग लावू."

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला पुलाच्या मधोमध गाड्यांची रांग खिळली होती. आजूबाजूच्या झुल्यांमध्ये संसार चालू होते. एकजण निवांत दाढी करत होता, एक बाई डोळ्यांत काजळ घालत होत्या. पलीकडच्या रांगेतल्या कॉलेजबसमध्ये उज्ज्वला पेपर तपासत होत्या. त्यांनी लाल पेन हलवून हात केला.

टक्क.

"हा," उपाध्ये म्हणाले.

"इंजिन बंद करा."

उपाध्यांनी बंद केलं. टक्क.

"ब्रेकवरचा पाय काढा." टक्क.

 मुजावर गाडीतून उतरले, कठड्याच्या बुडाशी उकिडवे बसले आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुलाला टेकवून मूठ कानाला लावली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी मान वळवली नाही. उठले तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पांढऱ्या कोटाला हात पुसले.

"उभी गाडी आवाज करत नसते, साहेब. हा पूल वाजतोय. तुमची गाडी फक्त चहाडी करतेय."

महापालिकेच्या पूल विभागात डॉ. मालविका शिंत्रे यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. तांबडी पूल, क्रमांक दोन. सुखांक अठ्ठ्याण्णव.

"शंभरपैकी," त्या म्हणाल्या. "राज्यात पहिल्या तिनांत."

"हा अंक पुलावरची यंत्रं देतात?" उपाध्यांनी विचारलं.

"पुलावर यंत्रं नाहीत. रोज दोन लाख गाड्या जातात आणि प्रत्येक झुला आतल्या माणसाला किती हिसका बसला ते आम्हाला कळवतो. माणसाला हिसका नाही म्हणजे पूल ठीक. चाळीसच्या खाली अंक गेला, की पूल आपोआप बंद होतो."

"माझी गाडी काय कळवते?"

"तुमच्या गाडीला झुला नाही. त्यामुळे हिशोबात ती नाही." मग जरा समजुतीच्या सुरात त्या म्हणाल्या, "अशा तक्रारींसाठी पालिकेची योजना आहे. झुला मोफत बसवून मिळतो. तक्रार निकाली निघते."

उपाध्यांचा जीव क्षणभर मोहात पडला. मुजावरांनी मात्र खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. त्यात पुलावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीशी टिपलेला आवाज होता. टक्क आणि टक्क यांच्यामध्ये एक बारीक घुमणं होतं, संपता संपत नसलेलं.

शिंत्रेबाईंनी ते तीनदा ऐकलं. मग कागद ओढून त्या आकडे मांडू लागल्या, आणि मांडता मांडता त्यांचा आवाज खाली आला.

"मुजावर, शॉकअप काम करून गरम का होतो?"

"हिसका खातो म्हणून. तेलात जिरवतो."

"आणि झुला?"

"झुला खात नाही. तो नको म्हणतो."

"नको म्हटलेलं जातं कुठे?"

मुजावरांनी तळहात आडवा धरून दाखवला. "पंगतीत सगळ्यांनीच पानावर हात आडवा धरला, तर भात वाढप्याच्याच हातात राहतो, मॅडम."

"पूल हा वाढपी," शिंत्रेबाई म्हणाल्या. "प्रत्येक ट्रकने तो थोडा हलतो. पूर्वी ते हलणं हजार गाड्यांचे शॉकअप आणि हजार माणसांच्या कमरा मिळून खाऊन टाकत. आता कोणीच खात नाही. उलट झुला एक पापणीभर उशिरा सावरतो आणि तेवढ्या उशिराने पुलाला थोडं ढकलतो. एका गाडीचं काही नाही. पण सगळ्या झुल्यांचा मेंदू एकाच जातीचा आहे. आठशे गाड्या एकाच क्षणी ढकलतात, आणि पूल दर वेळी आणखी हलतो."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव—"

"म्हणजे लोकांना काही कळत नाहीये, एवढंच."

"माझी बायको रोज जाते त्यावरून," उपाध्ये म्हणाले. "दोन वेळा."

शिंत्रेबाईंनी त्याच दिवशी आदेश काढला: सोमवारपासून तांबडी पूल क्रमांक दोनवर सर्व झुले आपोआप बंद राहतील. सगळ्याच पुलांसाठी आदेश काढायला महासभेची मंजुरी लागते आणि महासभा पुढच्या महिन्यात होती. त्यामुळे ज्या पुलाची तक्रार, त्या पुलापुरता आदेश. नियमाला धरून, तातडीचा आणि पूर्णपणे बरोबर.

सोमवारी पावणेनऊला उपाध्ये पुलावर होते. कान डाव्या पायाखाली ठेवून त्यांनी अर्धा पूल ओलांडला, मग पाऊण. आवाज नाही. दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी पाठ सीटला पूर्ण टेकवली. आजूबाजूला लोक मांडीवरचा चहा पुसत होते आणि पुलाच्या नावाने शिव्या घालत होते. आठशे गाड्या आपापल्या वाट्याचा हिसका खात होत्या. बांधला गेल्यापासून पूल इतका शांत कधीच नव्हता.

पलीकडच्या टोकाला पोचून त्यांनी आरशात पाहिलं, तर मागे लाल दांडा खाली येत होता. वरच्या फलकावर अक्षरं उमटली: सुखांक एकतीस. पूल धोकादायक. वाहतूक जुन्या लोखंडी पुलाने.

उपाध्ये ते वाचत राहिले. झुले बंद, म्हणून लोकांना हिसके. लोकांना हिसके, आणि झुल्यांचं हिसके कळवणं चालूच, म्हणून अंक खाली. अंक खाली, म्हणून पूल बंद. एकही पायरी चुकीची नव्हती. मग खालची ओळ सरकत आली: जुना लोखंडी पूल, सुखांक नव्व्याण्णव. सुखाने प्रवास करा.

त्या पुलाला आदेश लागू नव्हता.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि फोन लावत राहिले; तो लागला वीस मिनिटांनी.

"उज्ज्वला, कुठे आहेस?"

"अहो, आज जुन्या पुलावरून नेतायत. नवा बंद झालाय म्हणे. केवढी रांग आहे, सगळं शहर इथेच आलंय. मधोमध उभे आहोत."

"बस हलतेय?"

"छे. इतकी छान उभी आहे, पाठ असल्याचंही कळत नाही."

"ड्रायव्हरला सांग, झुला बंद कर म्हणावं. सगळ्यांना ओरडून सांगायला सांग."

फोन बाजूला गेल्याचा आवाज आला, मग एक अजिजीचा पुरुषी आवाज, मग परत उज्ज्वला. "ते म्हणतात, आदेश नव्या पुलापुरताच आहे. इथे बंद केला तर त्यांच्यावर तक्रार जाते."

"मग तू उतर. आत्ता. बसमधल्या कॉलेजच्या मुलींनाही उतरव आणि चालत काठाकडे निघ."

"काहीतरीच काय? माझी कंबर, आणि—" त्या थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही. खाली पाण्याकडे बघतेय. सगळी नदी शांत आहे, फक्त खांबांभोवती पाणी कसं थरथरतंय. तव्यावर थेंब नाचावेत तसं." त्यांनी जरा वाकून पाहिलं असावं. "मासे असतील," त्या म्हणाल्या.