वाकवलेला सूर

दवाखान्याच्या मागच्या दाराने कुणी येत नसे. त्यामुळे त्या सकाळी दार ढकलून एक उंच माणूस आत आला आणि त्याने तोंडावरचा रुमाल काढला, तेव्हा ती आधी दचकली, आणि मग तिने सवयीने त्याच्या चेहऱ्याऐवजी दातांकडेच बघितलं. वरचा, समोरचा, उजवीकडचा... नव्हताच.

"डॉक्टर पुढच्या बाजूला बसतात," ती म्हणाली.

"पुढे गर्दी आहे." त्याच्या बोलण्यातून वारा सुटत होता. "दात इथेच बनतात ना?"

"बनतात. पण आधी तिकडे माप द्यावं लागतं."

"देतो. फक्त एक सांगा — तुम्ही बनवलेला दात लावून माउथ ऑर्गन वाजवता येईल?"

तिच्या हातातला मेणाचा तुकडा तसाच राहिला. पुढे तिची आत्या लोकांचे दात काढायची आणि मागच्या या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत बसून ती लोकांचे दात बनवायची. सात वर्षांत तिला बरेच प्रश्न ऐकू आले होते. चावता येईल का, फोटोत ओळखू येईल का, झोपेत गिळला तर काय... हा प्रश्न नवीन होता.

"काय वाजवता?"

"ब्लूज. अमेरिकेतली दुःखाची गाणी," तो म्हणाला, आणि दात पडलेला माणूस हसताना तोंड झाकतो हे विसरून मोकळा हसला.

तो घरसामान हलवणाऱ्या कंपनीत हमाली करायचा. आदल्या दिवशी जिन्यावर फ्रिजचा पट्टा सुटला होता. फ्रिजला ओरखडा नाही, याचा दात मात्र गेला. आणि तीन आठवड्यांनी त्याची परीक्षा होती. नदीकाठच्या एका हॉटेलात रविवारी दुपारी तिघे म्हातारे ब्लूज वाजवायचे, त्यांचा माउथ ऑर्गनवाला गाव सोडून लेकीकडे राहायला गेला होता. त्या जागेसाठी त्याला बोलावलं होतं. अशा बोलावण्याची तो नऊ वर्षं वाट बघत होता.

आत्याने तपासून सांगितलं, पक्का दात बसवायला चार महिने. तोवर टाळूला चिकटणारी पातळ पट्टी आणि तिच्यावर एक दात.

पहिल्या खेपेला तो तिच्या समोरच्या स्टुलावर बसला, श्वास जोरात आत ओढला, आणि दात पट्टीसकट निसटून माउथ ऑर्गनवर आपटला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले... आणि मग तिला हसू आवरेना.

"हसा तुम्ही," तो म्हणाला. "इथे माझं करिअर तोंडातून पडतंय."

दुसऱ्या खेपेला पट्टी घट्ट बसली, पण सूर वाकेना.

"सूर वाकतो म्हणजे?"

"श्वास आत ओढताना जीभ अशी मागे घ्यायची. मग सूर खाली घसरतो. ब्लूजचा सगळा जीव त्यात असतो." त्याने जिभेने पट्टी चाचपली. "पण माझ्या जिभेच्या जागेवर तुम्ही भाडेकरू बसवलाय."

"काढते त्याला हळूहळू," ती म्हणाली. "एकदम नोटीस देता येत नाही."

आणि मग पट्टी घासायची, त्याने वाजवायचं, तिने ऐकायचं, पुन्हा घासायची, असं सुरू झालं. मधल्या वेळात तो बोलायचा. घरमालकाला आवाज चालत नाही म्हणून तो सामानाच्या ट्रकमध्ये रियाज करतो. लोकांच्या गाद्या आणि कपाटं यांच्या मधोमध आवाज काय गोल येतो, ते ऐकायला हवं. त्याच्या गीझरमधून फक्त थंड पाणी येतं, त्यावर त्याने गाणं केलंय.

"गीझरवर गाणं?"

"ज्यावर रडायचं, ते तालात सांगायचं. एकदा तालात बसलं की ते तेवढं छळत नाही."

त्याने गाऊन दाखवलं. गीझर म्हणजे रुसलेली बायको, दर कडव्यात तिची नवी विनवणी, आणि शेवटी बादलीभर बर्फासारखं पाणी. ती इतकी हसली की पुढून आत्याने हाक मारली, "चिमणे, दात बनवतेस की पाडतेस?"

तिसऱ्या खेपेला तो सूर वाकला. खाली घसरला, मध्ये जरासा थबकला, आणि निरोप घेऊन निघालेल्या माणसाने दारातून मागे वळावं तसा हळूच वर आला. तिच्या हातावर काटा आला. दात जमला होता, तिला पक्कं कळलं होतं.

तो थांबला. माउथ ऑर्गन उलटसुलट करून बघू लागला. "अजून... जरा जड वाटतंय."

"परवा या," ती ताबडतोब म्हणाली.

परवा झालं, त्यानंतरचा परवाही झाला. ती घासायचं चाक सुरू करायची आणि पट्टी चाकापासून केसभर लांब धरायची. तो वाजवायचा, मान हलवायचा, "किंचित अजून" म्हणायचा. तिला वाटे, आपण काही वाईट करत नाही, एका माणसाला चार दिवस जास्त ऐकतोय, एवढंच.

सहाव्या खेपेनंतर आत्या हात पुसत मागे आली.

"तुझं ते चाक आठवडाभर नुसतंच फिरतंय. दाताला लागलं की त्याचा आवाज वेगळा येतो, एवढं कळतं मला." मग ती स्टुलावर बसली. "तो वाजंत्री जाताना माझ्याकडून पाठदुखीची गोळी घेऊन गेला. इथे यायला सारखी रजा मागतो, म्हणून मुकादम त्याला बिनलिफ्टच्या इमारती देतोय. काल कपाट घेऊन सहा मजले चढला."

तिने चाकाची वायर काढून ठेवली.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा चाक बंद होतं. तो जपून, एका बाजूला कलून बसला. तिने पट्टी डबीत घालून त्याच्यापुढे ठेवली.

"हा दात तिसऱ्याच खेपेला झाला होता. नंतर मी काहीच घासलं नाही. मला..." ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. "मला तुमचं वाजवणं थांबायला नको होतं. तुमचं येणंही. तुमच्या पाठीचं माहीत नव्हतं. मला माफ करा."

त्याने डबी उघडली. मग त्याने दात बसवला, माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि तो सूर ओढला. अलगद, पुरता वाकलेला.

"तिसऱ्याच खेपेला," तो म्हणाला. "तेव्हापासून मीच चुकवतोय. फार अवघड काम आहे ते. बरोबर वाजवणं सोपं, रोज त्याच जागी चुकायचं म्हणजे रियाज लागतो."

"पण सहा मजले..."

"दुखत होतं," त्याने कबूल केलं. "पण प्रत्येक मजल्यावर तुला सांगायला काहीतरी सुचत होतं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

रविवारी दुपारी हॉटेलात अकरा माणसं होती, आत्या आणि वेटर धरून. त्याचा पहिलाच सूर फाटला. पियानोवाल्या म्हाताऱ्याने भुवया वर केल्या. तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. त्याने डोळे मिटले, पाय ठोकत ताल पकडला आणि फाटलेल्या सुरावरूनच पुढे निघाला. ड्रमवाला आधी नुसता ऐकत होता, मग त्याने हळूच काडी उचलली. कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई चमचा वाजवू लागली. शेवटी म्हातारा पियानोवरून न उठताच म्हणाला, "गुरुवार आणि रविवार. उशिरा आलास तर आम्ही थांबत नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता. आत्या काम आठवल्याचं सांगून छत्री घेऊन पुढे निघून गेली. दोघं छपराखाली उभे राहिले.

"सकाळी सामान, दुपारी वाजवणं," तो म्हणाला. "बरीच वर्षं हे असंच चालेल. मोठं काही होईलच असं नाही. आधीच सांगून ठेवतो."

"मी विचारलं होतं का?"

"नाही. पण मी विचारणार आहे, म्हणून..." त्याने माउथ ऑर्गन खिशात घातला. "मला तू हवी आहेस. रोज. चालेल तुला?"

तिने त्याचा घट्टे पडलेला हात हातात घेतला, आणि ती पायरी उतरून पावसात गेली. तो ओढला गेल्यासारखा मागोमाग आला.

"आत्यांना काय सांगायचं?" थोडं चालल्यावर त्याने विचारलं.

"तिला सांगण्यासारखं काही उरलंय, असं वाटतं तुला?"

आणि हसत हसत, ओले होत, दोघं नदीच्या कडेने चालत राहिले.