घेणारं कुणी नको का?

मध्यभारत विलीन झाला आणि राजधानी भोपाळला गेली. तिच्यामागे फायली गेल्या, पंखे गेले, कारकून गेले आणि त्यांच्या साडेसातीवर पोट भरणारा, शनीचं दान घेणारा जोशीही गेला. ग्वाल्हेरला किल्ला राहिला; तो उचलायला जड होता.

तिथल्याच लश्कर भागातल्या एका इस्पितळात मी रक्त तपासायचो. सुमनताई दर महिन्याला आपल्या आठ वर्षांच्या अनसूयेला आणत. पोरीच्या अंगात रक्त टिकत नसे. बाटली चढवली की महिना निघे. पण प्रत्येक बाटलीतलं लोह अंगातच साचतं, शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. आमच्यापाशी औषध नव्हतं. मी नुसतं मोजायचो. आकडा चढत होता, यकृत वाढत होतं, कातडी काळवंडत होती.

"लोह शनीचंच ना, डॉक्टरसाहेब?" सुमनताईंनी विचारलं.

"आमच्या पुस्तकात मालकाचं नाव दिलेलं नाही."

पुढच्या महिन्यात आकडा उतरला. मी रसायनं बदलून पुन्हा मोजलं. उतरलेलाच.

"शनिवारी खिळा अनूवरून उतरवून दान करते," त्या म्हणाल्या.

"जोशी तर भोपाळला. घेतं कोण?"

"मीच. या हातानं देते, त्या हातानं घेते."

"अहो, आपलंच दान कुणी घेतं का?"

"घेणारं कुणी नको का?"

अनू उजळत गेली. सुमनताई काळ्या पडल्या, मग सुजल्या. त्यांना रक्ताचा थेंबही कधी चढवला नव्हता. तरी त्यांच्या रक्तातलं लोह माझ्या मोजपट्टीत मावेना. संक्रांतीआधी त्या गेल्या.

अनूचे वडील मानसिंगराव भोपाळची नोकरी सोडून परतले. आता पोरीचा आकडा चढणार, हे मी गृहीत धरलं होतं.

तो आणखी उतरला. निरोगी माणसाच्याही खाली. पोर पांढरीफटक.

"दान चालू आहे?"

"छे हो. खिळे मी कधीच फेकले."

"आई लेती है," अनू म्हणाली. "मी म्हटलं, आता बस. सुनतीच नाही."

मी घाईनं बाटली टांगली.

मानसिंगराव खाटेपाशी उभे राहिले. कुणाकडेच न बघता, हळू म्हणाले, "सुमन, पुरे. पोरीपुरतं राहू दे गं."



मी वर पाहिलं. बाटलीतली पातळी तशीच होती. लाल रंग मात्र फिका होत चालला होता.