एकोणिसाव्या फोटोतला माणूस

"माझे बाबा संपात गद्दार झाले होते का, एवढंच मला शोधून द्या," असं म्हणून शांता घाडीने मोबाइल टेबलावर ठेवला.

अंबिका तांडेल माहीमला दोन खुर्च्यांच्या ऑफिसात खाजगी तपासाची कामं घेई. पोस्टातून निवृत्त झालेले रामचंद्र परब तिच्या मदतीला असत. दोघंही फोटोवर वाकले.

ब्याऐंशीचा संप. मिलचं मागचं दार. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आत शिरत होता. शर्टाच्या उजव्या खिशातून विडीचं बंडल डोकावत होतं. डावा पंजा चौकटीवर, आणि त्याची करंगळी अर्धीच.

"बाबांची डावी करंगळी कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रात गेली," शांता म्हणाली. "आमच्या गिरणी कामगारांच्या मंडळाच्या फेसबुक पानावर हा फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलं, हा गुणाजी घाडी. ताई, बाबा गेट कमिटीत होते. आत जाणाऱ्यांना अडवायचे. आता जुने सोबती आमचा जिना चढत नाहीत."

"बाबा काय म्हणतात?"

"हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत." शांताने खाली पाहिलं. "मी पण त्यांना विचारलं, खरंच गेला होतात का. पोटची पोर असून. तेव्हापासून ते माझ्याकडे बघत नाहीत."

संपाचे ते फोटो शरच्चंद्र वेंगुर्लेकरांनी काढले होते. ते आता हयात नव्हते. मुलगा जयवंत दादरला त्यांचाच स्टुडिओ चालवत होता.

"छत्तीस फोटोंचा रोल," जयवंत म्हणाला. "मी निगेटिव्ह नुसत्या स्कॅन केल्या. अख्ख्या, काळ्या कडेसकट. छत्तीसच्या छत्तीस टाकणार असं मंडळाने जाहीर केलं होतं, म्हणून आकडे घालून यादीही दिली."

"मग पानावर टाकण्याआधी कोणी साफ केल्या?"

"मंडळाच्या आनंदा राऊळने. धूळ, ओरखडे काढणं, उजेड जुळवणं सगळं त्याच्याकडे. निगेटिव्हच्या पट्ट्याही त्याच्याकडेच आहेत."

अंबिकाने मोबाइलवर सगळे फोटो पाहिले. पस्तीस फोटोंना काळी कड होती; त्यातल्या एकात हेच दार होतं, वर मिलच्या नावाची पाटी. एकोणिसाव्याला नव्हती. तो दाराच्या वरच्या चौकटीपाशीच, पाटीच्या खाली कापलेला होता.

आनंदा लालबागच्या चाळीत राहत होता. पंचेचाळिशीचा, मवाळ बोलणारा. त्याने चहा ठेवला.

"हा एकच का कापलात?" अंबिकाने विचारलं.

"वर... बुरशीचा डाग होता."

"गुणाजीकाकांवर आळ आला, तुम्हाला कळलं?"

"कळलं." त्याने कप खाली ठेवला. "वाईट झालं. मी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, ताई."

भिंतीवर त्याच्या वडिलांचा, भिवा राऊळांचा, हार घातलेला फोटो होता. मांडीवर लहानगा आनंदा, त्याच्या छातीवर बापाचा उजवा पंजा. त्या पंजाची करंगळी मध्येच संपली होती.

"हे पण मिलमध्येच?" परबांनी विचारलं.

"कार्डिंगला. बोटं जायचीच तिथे."

जिन्यात परब म्हणाले, "याच्या बापाची उजवी करंगळी, फोटोत डावी. म्हणजे गुणाजीच, अंबिका."

"काका, तुमच्या शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

परबांनी छाती चाचपली. "डावीकडे. म्हणजे काय?"

"रविवारी सांगते."

रविवारी सकाळी घोडपदेवला गुणाजींच्या खोलीत सगळे जमले. गुणाजी खाटेवर बसले होते. शांता दारापाशी उभी होती. अंबिकाने सांगितल्याप्रमाणे आनंदा निगेटिव्हची पट्टी घेऊन आला होता.

"पुरुषाच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो," अंबिका म्हणाली. "या फोटोत उजवीकडे आहे. म्हणजे हा फोटो उलटा आहे, आरशात दिसतो तसा."

"स्कॅन करताना फिल्म चुकून उलटी पडली असेल," परब म्हणाले.

"मलाही आधी तेच वाटलं. पण फिल्म चुकून उलटली असती तर दारावरच्या पाटीची अक्षरं उलटी दिसली असती आणि कुणीही चूक पकडली असती. इथे नेमकी पाटीच कापली आहे. ज्याला फोटो उलटा आहे हे ठाऊक होतं, त्यानेच ती कापली. आनंदा, पट्टी खिडकीशी धरा. कडेचा आकडा सरळ वाचता येईल अशी."

आनंदाने पट्टी उजेडात धरली. परब चष्मा सावरून पुढे झाले.

"एकोणीस... पाटी पण सरळ आहे! खिसा डावीकडे. आणि पंजा..."

"उजवा," अंबिका म्हणाली. "ज्याची उजवी करंगळी गेली होती, तो भिवा राऊळ. फोटो गाळला असता तर जयवंतच्या यादीत भोक दिसलं असतं. म्हणून यांनी तो उलटवला."

आनंदा खाटेसमोर खाली बसला. "मला फक्त बाबांना लपवायचं होतं. काकांची डावी करंगळी नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नाव आलं तेव्हा बोलायला हवं होतं. रोज ठरवायचो, उद्या सांगू. तीन आठवडे काढले, काका." त्याने गुणाजींचे पाय धरले.

"ऊठ," गुणाजी म्हणाले. "माका पहिल्या दिवशीच कळला होता. भिवाचो पंजा मी वळखूचंय नाय?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?" शांता ओरडली.

गुणाजींनी दाराकडे बोट केलं.

"भिवा या दारात येऊन उभा राहिला होता. आनंदाची आई बाळंतीण, अंगावर दूध नाही. म्हणाला, गुणाजी, तू सांग. मी म्हटलं, जा. मागच्या दाराने जा, तोंड झाक. आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारावर मी एका पोराला गचांडी धरून परत धाडला. त्याच्या घरी पण चूल नव्हती. त्याने सांगितलं होतं मला. फोटोखाली माझं नाव वाचलं तेव्हा वाटलं, बरोबरच लिहिलंय. राहू दे."

शांता येऊन खाटेवर त्यांना टेकून बसली.

"मी आता फोटो सरळ करून टाकतो," आनंदा म्हणाला. "बाबांचं नाव लिहितो. मी काय केलं तेही लिहितो."

"माझं पण लिही. भिवा गेला, गुणाजीने पाठवला."

आनंदा दोनदा लिहून दोनदा खोडत राहिला. शांताने त्याच्या हातातून मोबाइल घेतला.

"आणि त्या पोराचं नाव काय होतं, बाबा?"

"रघू. आडनाव मी विचारलंच नाही." गुणाजींनी डोळे पुसले. "एवढंच लिही. कुणाला ठावूक असेल तर कळवा म्हणावं. मला त्याच्या घरी जायचंय."

शांता लिहू लागली.