तापमानाचा दहावा खंड

"ताई, जरा खाली या. दहावा खंड जागेवर नाही."

फोनवर दप्तरखान्याचे अण्णा होते. बुधवार होता, सकाळचे दहा वाजले होते. दुपारी तीनला समिती बसायची होती आणि समितीने नेमका तोच खंड मागितला होता.

ताई जिने उतरताना दोनदा कठड्याला धरून थांबल्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दोन जिन्यांचा दम लागतोच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण दम जिन्याचा नव्हता. दहाव्या खंडाचं नाव निघालं की त्या विषय बदलत, आणि हे काही आजचं नव्हतं.

ताई हवामान खात्यात तपासनीस होत्या. केंद्रातल्या जुन्या नोंदी शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहायच्या. तापमापक कधी बदलला, तो ठेवायची पेटी कधी हलली, कोणाचा हात केव्हा चुकला हे हुडकून ती खोट काढायची. मग शंभर वर्षांत हवा किती बदलली हे छातीठोकपणे सांगता येतं. या केंद्राची शंभरी भरली होती. समितीच्या लेखी नोंदी विश्वासाच्या ठरल्या तर त्या कायमच्या मालिकेत जाणार होत्या. अडचण एकच होती, दहाव्या खंडातली सात वर्षं.

त्या सात वर्षांत किमान तापमान एकदम सव्वा अंशाने खाली बसलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीत नवीन असताना, ताईंनीच त्याचा निकाल लावला होता. अहवालात एक ओळ होती, 'निरीक्षकाचा हलगर्जीपणा.' सात वर्षांचे आकडे बाद झाले आणि त्या जागी शेजारच्या केंद्रांवरून काढलेले अंदाज बसले. ज्यांनी ते आकडे घेतले होते त्या नानांना केंद्रावरून उचलून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच पाकिटांवर शिक्के मारत होते.

दप्तरखान्यात अण्णा हात पुसत उभे होते. जुनी वही शिवणं, पुठ्ठा बदलणं, खळ लावणं हा त्यांचा छंदच होता, त्यामुळे बोटांवर खळ वाळलेली नाही असा त्यांचा दिवस नसे.

तापमानाचे चौदा खंड तपकिरी कापडाचे होते. नववा, मग अकरावा. मधल्या जागेत एक हिरवी वही, पाठ भिंतीकडे करून खोचलेली.

"हा पावसाचा सहावा खंड," अण्णा म्हणाले. "फट दिसू नये म्हणून कोणीतरी घातलाय."

"तुमच्या कधी लक्षात आलं?"

"आत्ताच. साहेबांनी मागितला तेव्हा."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि साहेबांकडे."

"शेवटचा कोणी पाहिला?"

अण्णांनी भेटीची वही पुढे केली. शुक्रवार, सकाळी अकरा. खाली नानांची सही. अक्षरं एका ओळीत सुरू होऊन दुसऱ्या ओळीवर घसरली होती. म्हाताऱ्याचा हात आता थरथरतो, ताईंच्या मनात आलं. खंड पाहू द्या म्हणून नानांनी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही फेटाळले गेले होते. या वर्षी कुठे परवानगी मिळाली होती.

ताईंनी सगळी खोली पालथी घातली. टेबलाखाली, पेट्यांमागे, खिडकीच्या कट्ट्यावर. शिडी लावून वरच्या फळीवर पावसाच्या हिरव्या वह्याही पाहिल्या. त्या एकीला एक लागून अशा घट्ट बसवल्या होत्या की मध्ये बोट शिरेना. धूळ झटकत त्या खाली उतरल्या.

साहेबांची खोली वर होती. साहेब म्हणजे विभागप्रमुख, दोन वर्षांवर निवृत्ती आलेला आणि कुठलंही लचांड नको असलेला माणूस.

"यात शोधायचं काय, मॅडम? म्हातारा आला, वही घेऊन गेला. त्याचीच चूक आहे तिच्यात."

"ती वही पाच किलोची आहे, साहेब."

"पिशवीतून नेली असेल. मी चोरीची तक्रार देतो. समितीला सांगतो, अंदाज आहेतच, ते धरा. संपला विषय."

"तुम्ही शनिवार-रविवार आला होतात?"

"मी दौऱ्यावर होतो. माझ्यावर संशय आहे की काय?" साहेब हसले, पण फार नाही. "शंभर वर्षं पुरी झाली तर फोटो माझाच लागणार आहे. मी कशाला वही पळवू?"

हे खरं होतं. ताईंनी दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली.

खरा प्रश्न वेगळाच होता. आकडे तर बावीस वर्षांपूर्वीच संगणकात गेले होते. अण्णा एकेक आकडा मोठ्याने वाचत आणि ताई टाइप करत, असे दोन महिने ते काम चाललं होतं. मग कागद पळवून कोणाला काय मिळणार? कागदावर असं काय होतं, जे संगणकात नव्हतं?

त्यांना उत्तर सुचलं, आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पानाच्या उजव्या कडेला शेऱ्याचा रकाना असतो. तो त्यांनी टाइप केला नव्हता.

बाराला नाना आले. सून हाताला धरून घेऊन आली आणि बाहेर बाकावर बसली. नाना खुर्चीत ताठ बसले. संपूर्ण वेळ ते ताईंच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे पाहत होते. माझं तोंडही पाहायचं नाही त्यांना, ताईंना वाटलं. त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

"नाना, शुक्रवारी तुम्ही दप्तरखान्यात किती वेळ होतात?"

"तासभर असेन."

"दहावा खंड तुम्हाला मिळाला?"

"माझ्यासमोर ठेवला होता. मी पुठ्ठ्यावर हात ठेवून बसलो होतो."

"तुम्ही काय शोधत होतात?"

"तुम्हाला माहीत आहे, बाई. चौकशीच्या वेळी सांगितलं होतं. मी शेरा लिहिला होता."

"आणि?"

"नव्हता. रकाना कोरा होता. मी दोनदा खात्री करून घेतली."

ताईंनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, मी पान न पान टाइप केलंय, असा शेरा कुठेच नाही," नाना म्हणाले. "मी घरी जाऊन तुम्हाला शिव्या दिल्या होत्या. बावीस वर्षं देत आलो. पण तुमचंच खरं निघालं. मीच विसरलो असणार. आज बोलावलंत ते बरं झालं, मला हे तुमच्यासमोर सांगायचं होतं."

"वही सापडत नाही, नाना."

"म्हणजे?" त्यांचा चेहरा उतरला. "मी नेली असं वाटतंय का तुम्हाला?"

"साहेबांना वाटतंय."

"कशाला नेऊ, बाई? कोरा रकाना घरी नेऊन कोणाला दाखवू?"

त्यांना बाहेर बसवून ताई पुन्हा दप्तरखान्यात गेल्या. अण्णा जेवायला गेले होते. टेबलावर ती पावसाची हिरवी वही पडली होती. निदान ही तरी जागेवर ठेवावी म्हणून ताई शिडीवर चढल्या.

वही फळीवर जाईना. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. जागाच नव्हती.

ताई शिडीवरच थांबल्या. फळीवरची एक वही आपल्या हातात आहे. मग फळीवर तिच्याएवढी फट हवी. सकाळी बोट शिरत नव्हतं, आताही शिरत नाही. त्यांनी बोटाने एकेक पाठ मोजली. चौदा. हातातली धरून पंधरा, आणि पावसाचे खंडही चौदाच होते. सहाव्या खंडाच्या जागी दुसरा सहावा खंड उभा होता.

त्यांनी तो ओढून काढला. हिरवं कापड नवंकोरं होतं आणि आत पावसाचं एक पान नव्हतं. पिवळट पानांवर नानांच्या त्या काळच्या ठसठशीत अक्षरात तापमानं होती. पहिल्याच पानाच्या उजव्या कडेला चार ओळी होत्या. त्या ताईंनी शिडीच्या पायरीवर बसून पुन्हा वाचल्या.

अडीचला साहेबांच्या खोलीत चौघे होते. साहेब, अण्णा, नाना आणि ताई. सून दारात उभी होती.

"वही इमारतीबाहेर गेलीच नव्हती," ताई म्हणाल्या आणि हिरवी वही टेबलावर ठेवली. "ती पावसाच्या फळीवर होती. फळी भरलेली, म्हणून तिच्यासाठी एक वही काढावी लागली. काढलेली कुठे ठेवायची? तापमानाच्या फळीवर मोकळ्या झालेल्या जागी. हिशेब चोख होता. पण तपकिरी पुठ्ठा काढून हिरवा चढवणं, पाठ शिवणं, आकडा चिकटवणं हे काम साहेबांना जमणार नाही. आणि नानांना तर नाहीच."

"का नाही?" साहेब म्हणाले.

"त्यांना दिसत नाही, साहेब."

नानांची मान खाली गेली.

"त्यांची सही दोन ओळींवर घसरली होती, मला वाटलं हात थरथरला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मला वाटलं राग आहे. स्वतःच्याच अपराधात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. नाना, शुक्रवारी पान तुम्ही वाचलं नाहीत. तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"अण्णांनी," नाना म्हणाले. "दोनदा वाचलं बिचाऱ्यांनी. म्हणाले, काही नाही हो, कोरं आहे."

अण्णांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले.

"अण्णा, रकाना कोरा नव्हता," ताई म्हणाल्या.

"नव्हता."

"मग का केलंत?"

"तुमच्यासाठी, ताई. तुमची सगळी नोकरी त्या अहवालावर उभी आहे. आज समितीसमोर ती ओळ वाचली गेली असती तर?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "वही जाळावी असंही मनात आलं होतं. पण जन्मभर कागद जपले, हात धजेना. आणि खरं सांगू? थोडं माझ्यासाठीही केलं. तेव्हा आकडे मीच वाचत होतो. या पानापाशी आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, शेरा वाचू का? आठवतं?"

ताईंना आठवत होतं. शिडीवर बसल्यापासून दुसरं काही आठवतच नव्हतं. रोजची चाळीस पानं व्हायला हवी होती आणि त्या दिवशी सत्तावीसच झाली होती.

"आठवतं," त्या म्हणाल्या. "मी म्हणाले होते, नको, फक्त आकडे सांगा. वही अण्णांनी लपवली, साहेब. पण हे पान बावीस वर्षांपूर्वी लपवलं ते मी. त्यात काय लिहिलंय ते आधी नानांना ऐकू दे."

त्यांनी वाचलं. "'वरिष्ठांच्या लेखी आदेशानुसार आजपासून तापमापकांची पेटी वरच्या अंगणातून तळ्याकाठच्या खोलगट जागेत हलवली. निरभ्र रात्री तिथे गार हवा साचते, किमान तापमान कमी येईल. वरिष्ठांना कळवले.' खाली तारीख आणि सही आहे. शेवटच्या पानावर पेटी परत वर आणल्याची ओळही आहे."

नानांनी टेबल चाचपडत वहीवर हात ठेवला. "लिहिलं होतं मी," ते म्हणाले. "पाच दिवस झोप नाही, बाई. मला वाटलं, मी बावीस वर्षं घरच्यांशी खोटं बोललो."

अण्णा खुर्चीत आणखी खाली सरकले.

"अजून एक आहे," ताई म्हणाल्या. "हे कोणी विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. तापमापक बिघडला असता किंवा निरीक्षक चुकला असता, तर सगळ्याच रात्री चुकल्या असत्या. पण ढगाळ रात्रींचे नानांचे आकडे शेजारच्या केंद्रांशी तंतोतंत जुळत होते. फरक फक्त निरभ्र रात्रींचा होता. म्हणजे पेटीची जागा. ते मला तेव्हाच दिसलं होतं. अहवालाची मुदत दुसऱ्या दिवशी होती आणि विचारायला गेलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी दिसलेलं बाजूला सारलं आणि एका माणसाचं नाव लिहून मोकळी झाले. नानांची एकही नोंद चुकीची नाही. पेटी खाली होती तेवढी वर्षं निरभ्र रात्रींच्या आकड्यांना एक ठरावीक दुरुस्ती केली की सातही वर्षं खरी आहेत, माझ्या अंदाजांपेक्षा कितीतरी खरी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन झाले होते. "हे बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "वही मिळाली, उत्तम झालं. समितीला सांगू, नवीन पुरावा हाती आला. कोणाचं काय चुकलं ते कशाला उकरायचं? नानांचं नाव आपोआप साफ होईल."

ताईंना क्षणभर ते बरं वाटलं, ही गोष्ट त्यांनी स्वतःपासून लपवली नाही. मग त्यांनी आपला तो जुना अहवाल काढला. 'निरीक्षकाचा हलगर्जीपणा' या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'तपासणीतील हलगर्जीपणा.' पुढे स्वतःची सही केली आणि तारीख घातली.

"काय लिहिलंत?" नानांनी विचारलं.

ताईंनी वाचून दाखवलं. नानांनी वहीवरचा हात उचलला.

"मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "माझी बायको ही ओळ न ऐकताच गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, माझं काहीतरी चुकलं असणार. नाहीतर सरकार कशाला उठवेल?"

ताईंनी मान हलवली, मग नानांना ते दिसणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "हो," त्या म्हणाल्या.

"समितीसमोर वाचणार कोण?"

"मी."

"मग मी ऐकायला बसतो."

नाना उठले. ताईंनी पुढे केलेला हात त्यांना जाणवला नाही की त्यांना तो नको होता, हे कळायला मार्ग नव्हता. ते सुनेचा दंड धरून दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"आणि बाई," ते म्हणाले, "या वेळी फक्त आकडे नकोत."