हीटरची लाईन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये टोकू नका. मी गाड्यांचं वायरिंग करतो. भुताखेतांशी माझा काय संबंध? त्या दुपारी दाजी नुकताच घेतलेला जुना ट्रक घेऊन शेडमध्ये आले, तेव्हा मी नेहमीसारखाच खेकसलो, "आता काय बिघडवून आणलंत?"

"चार्जिंग होत नाही रे. वर बर्फाळ पठारावर दोनदा बंद पडली."

ताईही सोबत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आज हे पुन्हा तिकडूनच जाणार. त्या थंडीत गाडी बंद पडली तर माणूस वाचत नाही. तुझ्या पाया पडते, नीट बघ." ताई माझ्याहून थोरली. तिनं असं म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून ट्रककडे वळलो.

इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला. चालत्या इंजिनाला अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट हवेत. आकडा पंचविसापुढे सरकेना. पट्टा घट्ट, अर्थिंग साफ, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नवाकोरा. दिवे, पंखा, सगळं बंद. तरी करंट भसाभस केबिनकडे चाललेला. म्हणजे आत काहीतरी वीज खात होतं. मी एकेक फ्यूज काढत गेलो, फरक शून्य. शेवटच्या जागी कुणा दीडशहाण्यानं फ्यूजऐवजी तांब्याची जाड तार ठोकली होती. ती पक्कडीनं उपटली आणि आकडा सरसर अठ्ठावीसवर गेला. परत लावली... पुन्हा पंचवीस.

"ही कशाची लाईन?"

"मागच्या झोपायच्या फळीवर हीटर होता, त्याची," दाजी म्हणाले. "पण हीटर तर..."

मी सीटमागचा पडदा सरकवला. हीटर नव्हताच. नुसत्या दोन तारा, तोंडं टेपनं बांधलेली, कशालाही न जोडलेल्या. पण हाताला चांगल्या तापलेल्या लागल्या. आत ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. गादी मधोमध दबलेली. मी तळवा टेकवला, तर ती उबदार होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"दाजी... इथं कोण झोपतं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "आधीचा ड्रायव्हर झोपायचा. गाडी पठारावर बंद पडली आणि तो गारठून गेला बिचारा... याच फळीवर. तुझ्या ताईला बोलू नकोस."

पण घाबरून चालणार नव्हतं, ताई बाहेर उभी होती. मी ती लाईन मुळापासून तोडून टाकली. आकडा अठ्ठावीसवर ठाम. ते बघून ताईच्या जिवात जीव आला. मलाही वाटलं, चला, बला टळली.

अंधार पडता पडता दाजींचा फोन आला. मी ताईच्याच घरी होतो.

"गाडी झकास पळतेय," ते म्हणाले. "अठ्ठावीस. जरा हलत नाही."

"मग तुमचा आवाज असा काय येतोय?" त्यांचे दात कडकड वाजत होते.

"काय म्हणतायत हे?" ताईनं विचारलं. मी तिला हातानंच थांबवलं.

"तो... मागून माझ्या मानेवर हात शेकतोय रे. आधी बर्फासारखे लागत होते."

त्यांचे दात वाजायचे थांबले.

"आता चांगले गरम झालेत."