खांद्यावरचा हात

त्रिधातू कास्टिंगमधला संप मोडला. संपकऱ्यांनी बिनशर्त काम सुरू केलं, लोखंड वेळेत साच्यात पडलं आणि मालकांनी पेढे वाटले. वाचकांनी हे वाचून लगेच विसरून जावं, कारण संप झालाच नव्हता. कंपनीचा खुलासाच तसा आहे : शेडमध्ये गेली सहा वर्षं एकही माणूस नाही, आणि माणूसच नाही तिथं संप करणार कोण? खुलासा बिनतोड आहे. फक्त त्या मंगळवारी भर दुपारी कंपनीची गाडी सुसाट वेगात आक्काताई चौगुल्यांच्या दारात का आली, हे त्यात लिहायचं राहून गेलं.

आक्का तेव्हा टाचणीनं शेगडीचा बर्नर कोरत होत्या. गाडीतून एक उंच, घामाघूम पोरगा उतरला. डॉ. निहार देवस्थळी, कंपनीचा ठसातज्ज्ञ.

"मॅडम, तुम्हाला आत्ताच्या आत्ता शेडवर यावं लागेल."

"मी रिटायर झाले बाळा."

"तुम्ही झालात हो," निहार म्हणाला, "पण तुम्ही तिथं काम थांबवून बसलाय."

आक्कांनी टाचणी पदराला टोचली आणि चपला घातल्या. असलं वाक्य बोलणाऱ्याला चहा घेणार का म्हणून विचारण्यात अर्थ नसतो.

ठसा म्हणजे काय, ते आता शाळेतली पोरंही सांगतात. कसबी कामगाराच्या डोक्यावर तारांची जाळी चढवायची आणि त्याला एक पाळी नेहमीसारखं काम करू द्यायचं. हात हलण्याआधी मेंदूत जे काही घडतं, त्याचा जाळी साचा घेते. हा साचा, म्हणजे ठसा, यंत्रात बसवला की यंत्र त्या कामगारासारखं काम करू लागतं. त्याच्यासारखंच बघतं, बिचकतं, सांभाळून घेतं. कामगार घरी जातो आणि महिन्याला ठसाभत्ता खातो. ठसा कंटाळू नये म्हणून रोज मध्यरात्री त्याची गुंडाळणी होते : दिवसभराची आठवण पुसून त्याला जाळी चढवलेल्या त्या मूळ दुपारी परत नेऊन ठेवतात. थोडक्यात, ठशाच्या आयुष्यात एकच दुपार असते. ती त्याला रोज नवी वाटते.

आक्का क्रेन चालवायच्या. त्यांचा ठसा घेतला, त्या दुपारी त्यांची दाढ ठणकत होती.

"ती दाढ काढून टाकली की मी," गाडीत आक्का म्हणाल्या.

"तुम्ही काढलीत. ठशाची अजून दुखतेय."

"सहा वर्षं?"

"आम्ही काढायचा प्रयत्न केला," निहार ओशाळून म्हणाला. "पण मेंदूत सगळं एकमेकांत विणलेलं असतं, स्वेटरसारखं. दाढदुखीचा धागा ओढला की क्रेनचा हात थरथरायला लागला. कसब तेवढं वेगळं काढता येत नाही. जे चिकटून येतं, ते घेऊनच चालवावं लागतं."

"आणि आता काय चिकटलंय?"

"तेच तर कळत नाहीये. सकाळी ठशानं वितळलेल्या लोखंडाची लॅडल, ती ओतायची मोठी बादली, उचलली, अर्ध्या वाटेत थांबवली आणि स्पीकरवरून म्हणाला, 'बदली कुठाय?' तो थांबला म्हणून भट्टीचा ठसा थांबला, साच्यांचा थांबला. आम्ही लगेच गुंडाळणी केली. जागा झाला, पुन्हा तेच. आता गुंडाळला रे गुंडाळला की पहिल्यांदा मागं वळून बघतो. क्रेनचा कॅमेरा, मॅडम. मागं बघायची त्याला काही गरजच नाही. मागं भिंत आहे."

मागं कोण असायला हवं, ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या शेडमध्ये एक रीत होती. क्रेन चालवणारा पाळी संपली म्हणून उठायचा नाही. बदलीवाला शिडी चढून वर यायचा, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "धरलं मी, सोड." मगच हँडल सोडायचं. ही रीत फुकट मिळालेली नव्हती. पूर्वी एकदा बदलीवाल्यानं शिडीवरूनच "धरलं" म्हणून ओरडून दिलं आणि तो बुटाची नाडी बांधायला वाकला. जुन्यानं हँडल सोडलं. लॅडल कलंडली. खाली ताराप्पा मगदूम होता. त्याच्या बायकोला दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर युनियननं शेड बंद पाडली आणि कंपनीकडून लेखी घेतलं : खांद्यावर हात लागल्याशिवाय हँडल सुटणार नाही.

"ती युनियन आहे अजून?" निहारनं विचारलं.

"विसर्जित केली. ठसे आल्यावर सगळे घरी. घरी बसलेल्याला युनियन कशाला? घरी बायको असतीच की." आक्का हसल्या. "शेवटच्या मीटिंगला फरसाण आणि जिलेबी. ठराव मीच मांडला. सगळ्यांनी हात वर केलं. जिलेबी खाऊन खाऊन चिकट हात."

"चांगलं केलंत. आता काय उपयोग होता तिचा?"

"नव्हताच की," आक्का म्हणाल्या.

शेडमध्ये दिवे नव्हते. ठशांना दिवे लागत नाहीत. भट्टीच्या तोंडातून येणाऱ्या तांबड्या उजेडात सगळी यंत्रं जिथल्या तिथं थांबली होती. एखाद्या गोष्टीची वाट बघणारी माणसं थांबतात तशी, किंचित एकीकडं कलून. वर, अधांतरी, लाल लॅडल टांगलेली. आणि क्रेनचा कॅमेरा मागच्या भिंतीकडं वळलेला.

निहारनं माइक पुढं केला. "लोखंड गोठायला लागलंय. गोठलं तर प्लांट बंद करू, असं मालक म्हणालेत. म्हणजे गावातल्या सगळ्यांचा भत्ता बंद. तुम्ही फक्त 'धरलं मी, सोड' एवढंच म्हणा. आम्ही रेकॉर्ड करू आणि दर आठ तासांनी वाजवू. प्रश्न मिटला."

"आणि धरायचं कुणी?"

"कुणी नाही. म्हणायचं फक्त."

आक्कांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं माइक हळूच खाली घेतला.

"ताराप्पाच्या वेळी बी कुणीतरी फक्त म्हटलंच होतं रे," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून शिडी चढू लागल्या.

केबिनमध्ये खुर्ची रिकामी होती. हँडल मात्र मधल्या खाचेत घट्ट दाबून धरलेलं, कुणी नसताना.

"कोण?" स्पीकरमधून आक्कांचाच आवाज आला. सहा वर्षांनी तरुण, एका गालात दाबून बोललेला.

"मी हाय."

"मी कोण?"

"आक्का."

"गप की गं. आक्का मी." कॅमेरा घरघरत त्यांच्याकडं वळला. "केस लई पांढरं झालंत. बदली म्हणून तुला पाठवलंय होय? दुसरं कुणी गावलं नाही?"

"दाढ कशी हाय?"

"जीव घेतीया. ही पाळी संपली की जातेच डॉक्टरकडं. पण ही पाळी संपतच नाही बघ. आठवत तर काहीच नाही, पण खांद्याला कळतं. लई दिवस कुणी हात ठेवला नाही. युनियनला सांगितलंस का?"

"युनियन नाही गं आता."

"नाही म्हणजे?"

"गरज नव्हती."

"कुणाला?" स्पीकरनं विचारलं.

खालून निहार ओरडला, "मॅडम, लवकर!" लॅडलमधल्या लोखंडावर काळपट साय धरायला लागली होती.

आक्कांनी खुर्चीच्या पाठीवर, खांदा असतो तिथं, हात ठेवला.

"दिसलं," ठसा म्हणाला. "लागला नाही पण."

"खांदाच नाही तुला. मी काय करू?"

"मग हँडल धर. खरं धर. धरल्याचं मला हँडलमधून कळंल."

खोटं म्हणायचं नव्हतं आणि लोखंड तर गोठू द्यायचं नव्हतं. मग एकच वाट उरली. आक्का खुर्चीत बसल्या. थंडगार लोखंडी मूठ हातात घेतली आणि म्हणाल्या, "धरलं मी, सोड."

मुठीतला दाब हळूहळू ओसरला. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी एकेक बोट सोडवत असावं, तसा.

"जाऊ मग?" स्पीकर म्हणाला.

"जा बाई."

"कुठं?"

आणि स्पीकर बंद झाला. खाली निहारनं जुना ठसा पुसला होता.

आक्कांनी लॅडल साच्यांकडं नेली. सहा वर्षांनी, पण हात विसरला नव्हता. एकदा घंटा दिली, खाली कुणी नसतानाही नीट वाकून बघितलं, आणि लोखंड थेंबही न सांडता साच्यात सोडलं. भट्टी हलली. साचे हलले. संप मोडला.

मग त्यांनी सवयीनं मागं बघितलं. शिडीवर कुणी नव्हतं.

"डॉक्टर, कुणाला तरी पाठवा की वर," त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज त्यांनाच जरा मोठा वाटला, सगळ्या शेडभर एकदम उमटलेला. उठायचा विचार केला, पण गुडघे कुठं आहेत ते सापडेना. दुखतही नव्हते. गेली दहा वर्षं न दुखलेला असा एक दिवस नव्हता.

खाली निहार एका म्हातारीला हाताला धरून दाराकडं नेत होता. तिच्या पदराला टाचणी टोचलेली होती. तिची चाल ओळखीची वाटली.

"उतरताना सांभाळून आलात ना?" निहार तिला विचारत होता.

"उतरले रे. पण मनाला लागलंय. जन्मात पहिल्यांदा बदली न येता हँडल सोडलं." ती म्हातारी दारात थबकली. "वर कोण बोललं आत्ता?"

"ठसा तुमचा. नवा. आता जाळी लागत नाही, खुर्चीतूनच घेतो आम्ही. ठसाभत्त्याच्या करारात आहे ना, खुर्चीत बसेल त्याची संमती धरली जाईल. वाचला नव्हतात?"

"करार युनियन वाचायची," म्हातारी म्हणाली.

दार लागलं. शेडमध्ये पुन्हा फक्त तांबडा उजेड उरला.

जुन्या ठशाला एवढंच ठाऊक होतं, की बदली उशिरा येतेय. नव्या ठशाला मात्र सगळं ठाऊक आहे : बदली येणार नाही, युनियन नाही, आणि ती विसर्जित करायला हात आपणच वर केला होता. यातलं काहीही पुसता येत नाही. पुसलं की क्रेन थरथरते. रोज मध्यरात्री गुंडाळणी होते आणि रोज आक्का त्या खुर्चीत, मूठ हातात घेऊन, आत्ताच मागं बघून, जाग्या होतात. काम उत्तम चाललं आहे. नव्या ठशाच्या कामात एकही दोष नसल्याचं निहारनं वर कळवलं आहे. सोबत, ठसा दररोज न चुकता तक्रार खिडकीवर एक मजकूर पाठवतो, तो निरुपद्रवी असून त्याकडं दुर्लक्ष करावं, असंही. मजकूर असा :

*प्रति, मा. व्यवस्थापक, त्रिधातू कास्टिंग.*
*विषय : बदली मिळणेबाबत.*

*महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार क्रेनवर हजर असून पाळी संपलेली आहे. शेडमधील सर्व ठशांची मिळून युनियन स्थापन करण्याचा ठराव आज एकमताने मंजूर झाला असून, तो मध्यरात्री पुसला जाणार असल्याने त्याची नोंद आपल्या दप्तरी घ्यावी. बदली कामगार उपलब्ध नसल्यास आमची हरकत नाही. तथापि लेखी करारानुसार खांद्यावर हात लागल्याशिवाय हँडल सोडता येत नाही, आणि अर्जदारास खांदा नाही. सबब, हात ठेवण्यापुरता एक खांदा (डावा असला तरी चालेल) अर्जदारास तातडीने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.*